आकाराची कड आणि कडेचे थर

आजचा विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. ज्यांचं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं, त्यांनी चित्र काढण्याच्या सॉफ्टवेअरवर बोलावं, आणि तेही अक्षराला दोन-तीन रंगांची किनार कशी द्यावी यावर! पण नांदेडच्या वजिराबादपासून लातूरच्या गंजगोलाईपर्यंत नुसती नजर टाका. शिकवणीच्या जाहिराती, वाढदिवसाचे फ्लेक्स, लग्नपत्रिका, दुकानाच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या मागे रेडियममध्ये कापलेलं नाव. यातलं जवळपास प्रत्येक मोठं अक्षर किनारीचं आहे. आत पिवळं, मग पांढरी कड, मग लाल, बाहेरून काळी. फ्लेक्समागे फोटो असतो, फोटोत ऊन-सावली असते, आणि त्यावर नुसतं पिवळं अक्षर ठेवलं तर ते कुठे दिसतं आणि कुठे बुडतं. किनार ही हौस आहेच, पण त्याआधी ती वाचता यावं म्हणून केलेली सोय आहे. हे काम करणारी मुलं-मुली आज समोर बसली आहेत, आणि ही लेखमाला वाचणाऱ्यांतही बरीच आहेत. त्यांच्या हाताला जे रोज लागतं, त्याच्यामागचा विचार आपण आज उलगडून बघू.

पहिला प्रश्न साधा आहे. कड कोणाची?

शेताच्या बांधाचं उदाहरण घ्या, कारण ते आपल्याकडे कोणालाही समजावून सांगावं लागत नाही. दोन शेतांमध्ये बांध असतो, आपल्याकडे काही गावांत त्याला धुरा म्हणतात. मोजणीच्या नकाशावर हद्द म्हणजे एक रेघ. त्या रेघेला लांबी आहे, रुंदी नाही. पण जमिनीवर बांध हात-दीड हात रुंद असतो, त्यावर गवत उगवतं, बाभळीचं झाड उभं राहतं. मग हद्दीची रेघ बांधात नेमकी कुठे धरायची? सर्वसाधारण समज अशी की मधोमध. अर्धा बांध तुमच्या शेतात, अर्धा शेजाऱ्याच्या. भांडणं होतात ती रेघेची कमी आणि या रुंदीची जास्त.

व्हेक्टर सॉफ्टवेअरमध्ये हेच आहे, शब्दशः. आकाराची जी मूळ रेषा, ज्याला पाथ किंवा कर्व्ह म्हणतात, तिला रुंदी नाही. ती नुसतं गणित आहे. तिला आपण जाडी देतो तेव्हा तो झाला स्ट्रोक, कोरलमध्ये आउटलाइन. आणि ही जाडी त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना अर्धी-अर्धी पडते. हा शिरस्ता जुना आहे. अ‍ॅडोबीची पोस्टस्क्रिप्ट ही भाषा १९८४ ची, तिच्यात तो होता. १९८७ चा इलस्ट्रेटर, १९८९ चा कोरलड्रॉ, २००१ मध्ये मान्य झालेलं वेबसाठीचं एसव्हीजी, २००३ मध्ये सुरू झालेला मोफत मिळणारा इंकस्केप, सगळीकडे सुरुवातीची धारणा हीच: बांध मधोमध.

याचा परिणाम काय? तुम्ही अक्षराला ४ मिलिमीटरची पांढरी कड दिली. बाहेर दिसते २ मिलिमीटर. उरलेली २ कुठे गेली? अक्षराच्या अंगावर चढली. म्हणजे किनार देताना तुम्ही अक्षर चारी बाजूंनी २-२ मिलिमीटर खाल्लं. जाड ठळक अक्षराला ते चालून जातं. पण ‘क्ष’, ‘ष्ट’, ‘द्ध’ असली जोडाक्षरं आली की आतल्या बारीक रेघा गिळल्या जातात. किनार आली आणि अक्षर गेलं. यावर उपाय सगळीकडे ठेवलेला आहे, फक्त नावं वेगळी. कोरलमध्ये आउटलाइन पेनच्या चौकटीत ‘बिहाइंड फिल’ अशी खूण करायची सोय आहे, तिने जाडी रंगाच्या मागे जाते. इंकस्केपमध्ये रंगवण्याचा क्रम बदलता येतो, आधी स्ट्रोक आणि वरून फिल. इलस्ट्रेटरमध्ये अपिअरन्सच्या यादीत स्ट्रोकची ओळ खाली ओढायची. तीनही ठिकाणी घडतं एकच: अर्धा बांध आपल्या पिकाखाली झाकला जातो, पीक शाबूत राहतं.

आता थर. पोस्टर करणारा म्हणतो, मला एक नाही, तीन कडा हव्यात. इथे सॉफ्टवेअरा-सॉफ्टवेअरात फरक पडतो. इलस्ट्रेटर एकाच वस्तूला कितीही स्ट्रोक देऊ देतो. कोरल आणि इंकस्केपमध्ये एका वस्तूला एकच. मग काय करायचं? एकाच आकाराच्या प्रती एकाखाली एक ठेवायच्या, आणि जितकी प्रत खाली तितकी तिची रेघ जाड. वरची प्रत खालचीला मधून झाकते, उरतो फक्त बाहेरचा पट्टा. जुने पेंटर पाटी रंगवताना आतलं अक्षर आधी भरत आणि बाहेरून कडा फिरवत. संगणकाचा रस्ता उलटा आहे. तो आधी सगळ्यात मोठं, बाहेरचं अक्षर टाकतो आणि त्यावर लहान-लहान ठेवत आत येतो.

हिशेब इथे नीट करा, कारण नव्या मुलांचा घोळ याच जागी होतो. समजा डोळ्यांना दिसायला हवेत पट्टे असे: आतून पांढरा २ मिलिमीटर, मग लाल ३, मग काळा १. तर रेघेची जाडी २, ३, १ अशी ठेवायची नाही. पांढऱ्या प्रतीची जाडी २ च्या दुप्पट, म्हणजे ४. लाल प्रतीला पांढऱ्याच्याही पलीकडे जायचं आहे, म्हणून २ अधिक ३, त्याची दुप्पट, १०. काळीची २ अधिक ३ अधिक १, दुप्पट, १२. बेरीज आतून बाहेर करत जायची आणि प्रत्येक वेळी दुप्पट घ्यायची. दुप्पट का, तर अर्धा बांध नेहमी आत असतो. एवढं कळलं की पाठ करण्यासारखं काही राहत नाही.

प्रत काढतानाची एक बारीक गोष्ट. कोरलमध्ये कंट्रोल-डी दाबलं तर प्रत सहसा थोडी सरकून पडते. जागच्या जागी हवी असेल तर अंकांच्या बाजूचं अधिकचं बटण दाबायचं, आणि शिफ्ट-पेजडाउनने ती तळाला पाठवायची. इंकस्केपमध्ये कंट्रोल-डी जागेवरच प्रत काढतो, आणि एंड हे बटण तिला तळाला नेतं.

एक पळवाट बरेच जण काढतात, तिच्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. प्रत काढली, कोपरा धरून थोडी मोठी केली, मागे ठेवली, झाली किनार. गोलाला हे चालतं. गंजगोलाई कागदावर काढा, ती थोडी मोठी करून मागे ठेवा, सगळीकडे सारखा पट्टा मिळेल. पण आता २०० मिलिमीटर लांब आणि २० मिलिमीटर उंच अशी पट्टी घ्या. ती दहा टक्क्यांनी वाढवली तर झाली २२० बाय २२. डाव्या-उजव्या बाजूला १०-१० मिलिमीटर बाहेर आली, वर-खाली एकेकच. ही किनार नव्हे. ‘व’ घ्या. त्याच्या पोटात छिद्र आहे. अक्षर मोठं केलं की छिद्रही मोठं होतं. खरी किनार मात्र छिद्रातही उतरली पाहिजे, म्हणजे छिद्र लहान झालं पाहिजे. मोठं करणं म्हणजे गुणाकार. किनार देणं म्हणजे बेरीज, कडेच्या प्रत्येक बिंदूपासून तेवढंच अंतर. गुणाकाराने बेरजेचं काम होत नाही.

छिद्राची ही गोष्ट आम्हाला फार आवडते. आकाराच्या दृष्टीने ‘बाहेर’ म्हणजे काय? जिथे आकार नाही ती जागा. मग ‘व’च्या पोटातली पोकळी हीसुद्धा ‘बाहेर’च आहे, चारही बाजूंनी वेढलेली असली तरी. त्यामुळे किनार बाहेर वाढते तेव्हा पोकळीत ती आत सरकताना दिसते. आणि पोकळी ५ मिलिमीटर रुंद असेल, पट्टा ३ चा असेल, तर दोन्हीकडून येणारे पट्टे भेटतात आणि पोकळी संपते. संगणकाला यात काही वावगं वाटत नाही, त्याने सांगितलेलं काम केलं. वाचणाऱ्याला मात्र खालच्या थरांत ‘व’ची पोकळी दिसत नाही, नुसता रंगाचा गोळा दिसतो. आमचं मत विचाराल तर छोट्या अक्षरांना तिसरा थर देऊच नये. पत्रिकेतल्या ‘आपले विनीत’खालच्या नावांना तीन-तीन कडा देणाऱ्यांनी ती नावं एकदा घरातल्या म्हाताऱ्या माणसाला वाचायला द्यावीत.

आता दुसरा मार्ग. जाड रेघ न वापरता खरोखरच नवा, मोठा आकार काढायचा. कोरलमध्ये याला काँटूर म्हणतात, कंट्रोल-एफ९ ने त्याची चौकट उघडते. किती पायऱ्या, प्रत्येक पायरीला किती अंतर, आत की बाहेर, हे सांगायचं. पायऱ्यांचे रंग तो मूळ रंगापासून शेवटच्या रंगापर्यंत क्रमाने मिसळत नेतो. प्रत्येक पट्टा आपल्या मनाच्या रंगाचा हवा तर कंट्रोल-के ने काँटूर सुटा करून एकेकाला रंग द्यायचा. इंकस्केपमध्ये ऑफसेट आहे, आणि त्यातला ‘लिंक्ड ऑफसेट’ हा प्रकार आम्हाला सर्वांत शहाणा वाटतो. तो मूळ आकाराशी नातं सोडत नाही, आतला आकार बदलला की बाहेरची कडही आपोआप बदलते.

या दुसऱ्या मार्गाचं चित्र दगडात पाहायचं तर नांदेड जिल्ह्यात देगलूरकडे होट्टलला जा. सिद्धेश्वराचं चालुक्यकालीन मंदिर आहे. त्या काळच्या मंदिरांच्या दारांना चौकट म्हणून नुसता दगड नसतो, एकात एक बसलेल्या उभ्या पट्ट्या असतात. स्थापत्यात त्यांना शाखा म्हणतात. त्रिशाखा, पंचशाखा, सप्तशाखा अशी मोजणी आहे. एका शाखेवर वेल, दुसरीवर रत्नांची नक्षी, तिसरी खांबासारखी. प्रत्येक शाखा स्वतंत्र वस्तू आहे, तिला स्वतःची रुंदी आणि स्वतःची नक्षी आहे, पण सगळ्या मिळून वळण घेतात ते मधल्या मोकळ्या दाराचं. जाड रेघेवर नक्षी काढता येत नाही. आकारावर येते. म्हणून पट्ट्यात रंगछटा, पोत, सोनेरी झळाळी भरायची असेल तर काँटूरच धरावा.

कोपऱ्यांकडे वळू. रेघेचे कोपरे तीन तऱ्हेचे: टोकदार, गोल, छाटलेले. टोकदारात एक धोका लपलेला आहे. ३० अंशांचा अणकुचीदार कोपरा घ्या आणि आपली ती १२ मिलिमीटरची काळी रेघ द्या. बाजूंना पट्टा ६ मिलिमीटर जातो, पण कोपऱ्यावर टोक सुमारे २३ मिलिमीटर बाहेर निघतं. ‘र’च्या शेपटीला, पाय मोडलेल्या अक्षराच्या टोकाला भाल्यासारखं काहीतरी फुटतं ते हेच. सॉफ्टवेअर त्यावर मर्यादा घालतं, तिला माइटर लिमिट म्हणतात. एसव्हीजीमध्ये ती मुळात ४ धरलेली असते, म्हणजे साधारण २९ अंशांपेक्षा निमुळता कोपरा आला की टोक छाटलं जातं. मग एकाच शब्दात काही टोकं भाल्यासारखी, काही छाटलेली, आणि करणाऱ्याला कळत नाही असं का. गोल कोपरा निवडा, प्रश्न मिटतो. आणि गोल ही तडजोड नाही, बरं का. टोकापासून ‘बरोबर ६ मिलिमीटर अंतरावरचे सगळे बिंदू’ म्हणाल तर ते वर्तुळाचा तुकडाच होतात. खरी किनार गोलच असते, टोकदार किनार ही आपण वरून घातलेली शोभा.

आतापर्यंतचं जगातल्या कोणत्याही लिपीला लागू. देवनागरीचा प्रश्न वेगळा आहे, आणि इंग्रजीतून शिकवणारे धडे तो सांगत नाहीत, कारण त्यांना तो पडतच नाही. रोमन लिपीत शब्द म्हणजे सुट्या अक्षरांची रांग. आपल्याकडे शिरोरेषा आहे. डोळ्यांना ती एक सलग रेघ वाटते, पण संगणकाच्या फाँटमध्ये प्रत्येक अक्षराचा तुकडा आपापली शिरोरेषा घेऊन येतो आणि शेजारच्यावर किंचित चढून बसतो. फट दिसू नये म्हणून. श्रीलिपी, आकृती यांसारख्या जुन्या फाँटांत तर काना, मात्रा, रफार हेही वेगळे तुकडे. काळा रंग भरलेला असतो तोवर सांधे दिसत नाहीत. किनार दिली रे दिली की प्रत्येक तुकड्याची कड जागी होते. शिरोरेषेवर आडवे-उभे चिरे, मात्रेच्या मुळाशी काप. हसरा चेहरा जवळून पाहावा आणि दातांच्या फटी दिसाव्यात, तसं.

इथे आम्हाला अॅरिस्टॉटल आठवतो. ‘फिजिक्स’ या ग्रंथाच्या पाचव्या भागात तो दोन गोष्टी वेगळ्या करतो. दोन वस्तूंच्या कडा एका जागी आल्या तर त्या एकमेकींना स्पर्श करतात. पण त्या दोन कडा एकच झाल्या, तर वस्तू अखंड होते. स्पर्श आणि अखंडता. चिकटलेले दोन पाट आणि एक फळी यांतला हा फरक. फाँटमधला शब्द स्पर्शाने बनलेला आहे. किनार मागते अखंडता.

कोरलमध्ये यासाठी दोन आज्ञा शेजारी-शेजारी आहेत आणि त्यांची गल्लत रोज होते. कम्बाइन आणि वेल्ड. आधी कंट्रोल-क्यू करून अक्षरांचे कर्व्ह करायचे, तिथपर्यंत ठीक. मग कंट्रोल-एल दाबून कम्बाइन केलं तर तुकडे एका नावाखाली येतात, पण कडा तशाच राहतात, उलट जिथे तुकडे एकमेकांवर चढले होते तिथे पांढरी भोकं पडतात. एकत्र आले, एकजीव झाले नाहीत. वेल्ड केलं की आतल्या कडा नाहीशा होतात आणि शब्दाला एकच बाहेरची कड उरते. इंकस्केपमध्ये हेच युनियन, इलस्ट्रेटरमध्ये पाथफाइंडरमधलं युनाइट. वेल्ड आधी, किनार नंतर. हा क्रम उलटा झाला की पुढचं सगळं उलटं.

पण कर्व्ह झालेल्या शब्दाला आता ऱ्हस्व-दीर्घ राहिलेलं नाही. संगणकाच्या लेखी तो शब्दच उरला नाही, नुसती आकृती झाली. नवऱ्या मुलाच्या नावातली वेलांटी चुकली आहे असं रात्री नऊ वाजता कळलं, तर ती टाइप करून बदलता येत नाही. म्हणून मूळ मजकुराची एक जिवंत प्रत पानाच्या बाहेर बाजूला ठेवायची, आणि वेल्ड करण्यापूर्वी मजकूर घरच्यांकडून वाचून घ्यायचा.

शब्दांमधल्या जागेचंही बघा. दोन शब्दांत ८ मिलिमीटर मोकळे आहेत आणि एकूण किनार ६ ची आहे, तर दोन्ही बाजूंच्या किनारी मिळून १२ मागतात. जागा संपते, शब्द चिकटतात. किनार ठरवल्यावर शब्दांतलं अंतर पुन्हा वाढवावं लागतं. तेच ओळींचं: वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी किनारीसकट एकमेकांत शिरतात.

आणि मोजमाप. दहा बाय वीस फुटांचा फ्लेक्स कोणी त्या मापात करत बसत नाही, लहान करतात आणि शेवटी मोठा करतात. ‘स्केल विथ ऑब्जेक्ट’ ही खूण नसेल तर अक्षर दहापट होतं आणि रेघ होती तेवढीच, १२ मिलिमीटरची १२ मिलिमीटरच. चौकात लागल्यावर किनार दिसतच नाही. पत्रिकेत उलटं, लहान केलं की रेघ अक्षराला गिळते. काँटूरने केलेल्या किनारीला हा त्रास नाही, कारण ती रेघ नाही, आकार आहे, बाकीच्यांबरोबर लहान-मोठी होते.

वेळ होत आला. एक चिठ्ठी आली आहे, ती घेऊ. रेडियमचं दुकान चालवणारे एक गृहस्थ विचारतात: पडद्यावर तीन रंगांची किनार सुंदर दिसते, पण कटिंगच्या यंत्राला दिली की ते एकाच रेघेवर तीनदा कापतं. असं का?

कारण यंत्राच्या सुरीला रंग आणि जाडी माहीत नाही. ती फक्त पाथ ओळखते, रुंदी नसलेली ती रेघ. तुमच्या तीनही प्रतींचा पाथ एकच आहे, फक्त जाडी वेगळी. म्हणून सुरी त्याच वाटेने तीनदा जाते. त्यावर उपाय, प्रत्येक प्रतीची जाडी आकारात बदलायची. कोरलमध्ये कंट्रोल-शिफ्ट-क्यू, आउटलाइनचा ऑब्जेक्ट. मग आतलं अक्षर त्यात वेल्ड करायचं, म्हणजे आतली कड जाते आणि एक भरीव मोठा आकार मिळतो. किंवा मुळातच काँटूर वापरायचा. तीन रंगांचे तीन भरीव आकार वेगवेगळे कापायचे आणि काळा खाली, त्यावर लाल, त्यावर पांढरा, सर्वांत वर अक्षर, असे चिकटवायचे. पट्टे कड्यांसारखे पोकळ कापून शेजारी-शेजारी बसवण्याच्या नादी लागू नका. माल थोडा वाचेल, पण हात केसभर हलला की दोन पट्ट्यांत गाडीचा रंग डोकावेल. एकावर एक ठेवले तर हात हलला तरी फट पडत नाही, फार तर पट्टा एका बाजूला किंचित रुंद दिसेल. स्क्रीन प्रिंटिंगवाले रंग एकमेकांवर थोडे चढवून छापतात ते याच कारणाने.

आणि यंत्र वळणावर अडखळत असेल तर बिंदू मोजा. वक्र रेषेची समांतर किनार बहुधा त्याच जातीच्या साध्या वक्राने नेमकी काढता येत नाही, म्हणून सॉफ्टवेअर पुष्कळ बिंदू टाकून ती जवळपास बसवतं. नोड कमी करण्याची आज्ञा एकदा द्या, वळणं मऊ होतील. मात्र फार कमी केले तर ‘ळ’चे पोट चपटं होतं, तेवढं डोळ्याने बघून थांबा.